खान्देशची जागरणं: झोप, रक्तदाब आणि रात्रीची पाळी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा इतिहासाच्या व्याख्यानात ब्लड प्रेशर कुठून आलं, असं काहींना वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. बीपी म्हणजे डॉक्टरांचा प्रांत. पण मी आज त्या आजाराची एकच बाजू घेणार आहे, ती म्हणजे रात्र. आणि रात्रीला इतिहास असतो. कोणी झोपायचं, कोणी जागायचं, कोणाच्या झोपेसाठी कोण जागं राहायचं, हे प्रत्येक समाजाने कधी ना कधी ठरवलेलं असतं. जळगाव-धुळ्याच्या बाबतीत ते कोणी आणि कसं ठरवलं, हे आज पाहायचं आहे.

सुरुवात आजपासून करू. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, साक्री, कुठल्याही तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी घ्या. चक्कर आली म्हणून दवाखान्यात गेला, बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर काय विचारतात? मीठ किती खाता, पापड-लोणचं किती, तंबाखू आहे का, टेन्शन आहे का. शेवभाजीचा उद्धार होतो, आपल्याकडे तो व्हायलाच हवा. गोळी लिहून दिली जाते आणि शेवटी एक वाक्य येतं, "आणि झोप व्यवस्थित घ्या." माणूस मान हलवतो. त्याच्या शेताची लाइट त्या आठवड्यात रात्री आहे, हे तो सांगत नाही, कारण कोणी विचारलेलं नसतं.

ते वाक्य डॉक्टर दरवाजाकडे बघत बोलतात, पण खरं तर ते चिठ्ठीत सगळ्यात वर असायला हवं होतं. का, ते सांगतो.

रक्तदाब मोजायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोच्चीने १८९६ साली आणला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली, आणि वरचा-खालचा असे दोन आकडे मिळू लागले. मधल्या काळात, १८९८ साली, लंडनच्या लेनर्ड हिलने झोपेत रक्तदाब खाली येतो हे लिहून ठेवलं होतं. म्हणजे ही गोष्ट पट्ट्याइतकीच जुनी आहे. पण झोपलेल्या माणसाचं बीपी मोजायचं तर त्याला उठवावं लागतं, आणि उठवलं की मोजायची गोष्टच निघून जाते. १९६९ साली ऑक्सफर्डमध्ये बेवन, ऑनर आणि स्टॉट यांनी हिंडत्या-फिरत्या माणसांच्या धमनीत बारीक नळी ठेवून दिवसरात्र सलग नोंद घेतली. गाढ झोपेत दाब किती खोल उतरतो ते त्यात स्पष्ट दिसलं. पुढे चोवीस तास दंडाला बांधायची यंत्रं आली. १९८८ साली आयर्लंडच्या इऑन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी लोकांचे दोन गट केले: ज्यांचा दाब रात्री उतरतो ते आणि ज्यांचा उतरत नाही ते. साधारणपणे दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतार हा निरोगी मानला जातो.

हा उतार का महत्त्वाचा? पंपाचं उदाहरण घ्या, आपल्याकडे ते लगेच कळतं. मोटार चोवीस तास चालवली तर वाइंडिंग तापतं, तिला विसावा लागतो. हृदयाला थांबता येत नाही, पण रात्री काही तास हलकं ओझं घेऊन चालता येतं. तो हलका काळ मिळाला नाही तर रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, मेंदू सगळ्यांवर भार साचत जातो. जपानमध्ये ओहासामा नावाचं एक ग्रामीण गाव आहे. तिथे १९८० च्या दशकापासून गावकऱ्यांचं घरातलं आणि चोवीस तासांचं बीपी नोंदवलं जातंय. २००२ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्याचा मतितार्थ असा: रात्रीचा उतार दर ५ टक्क्यांनी कमी होतो तसा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. दिवसाचं बीपी बरं दिसत असलं तरीही. मोठ्या विद्यापीठाच्या शहरात नाही, एका शेतकरी गावात हे मोजलं गेलं, हे लक्षात ठेवा. शेवटी मला तिकडे परत यायचंय.

महाराष्ट्राचाही या कथेत मोठा वाटा आहे, आणि आपण तो विसरलोय. सर्पगंधा ही वनस्पती. बिहारकडे तिला वेड्यांचं औषध म्हणत, कारण ती माणसाला शांत करते, झोपवते. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे औषध वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर चालतं. भारताबाहेर फारसं कोणी ऐकलं नाही. मग मुंबईच्या केईएमशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. तुमच्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा सत्तर-ऐंशीच्या दशकात बीपीचे पेशंट होते त्यांना 'अॅडेल्फेन' हे नाव आठवत असेल. त्या गोळीत हेच रिसर्पिन होतं.

मला यातली एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. रक्तदाबावरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक हे मुळात झोपेचं औषध होतं. वैद्य-हकिमांनी झोप आणि तो 'चढलेला' माणूस या दोन गोष्टी एकाच मुळीने सांभाळल्या होत्या. पुढे रिसर्पिन मागे पडलं. ते घेणाऱ्या काहींना गुंगी येई, काहींचं मन खचून जाई. नवीन, स्वच्छ, झोपेला हात न लावणारी औषधं आली. ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर दवाखान्यातून झोपेचा विषयही निघून गेला, असं माझं मत आहे. बीपी आकड्यांचं झालं, झोप ज्याची त्याची झाली.

आता आपल्या मुलखात येऊ. झोप ज्याची त्याची नव्हती, असा काळ इथे होता.

'जागल्या' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. जागणारा तो जागल्या. १८८० चं खान्देश गॅझेटिअर उघडलं तर गावचे जागले म्हणून भिल्लांचा उल्लेख येतो. गावाची, खळ्यांची, वाटांची राखण त्यांच्याकडे, आणि त्याबद्दल त्यांचा धान्याचा हक्क ठरलेला. इंग्रजांनी १८१८ नंतर खान्देश घेतला तेव्हा ही व्यवस्था विस्कटलेली होती. भिल्लांशी लढून भागत नाही म्हटल्यावर त्यांनी एकीकडे त्यांचे जुने राखणीचे हक्क मान्य केले आणि दुसरीकडे १८२५ मध्ये औट्रम साहेबाने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. इतिहासाच्या पुस्तकात हे 'बंदोबस्त' या मथळ्याखाली येतं. मी त्याच्याकडे झोपेच्या बाजूने बघतो. गावठाणातला कुणबी, वाणी, ब्राह्मण निवांत झोपायचा, कारण गावाबाहेरच्या वस्तीतला एक माणूस जागा होता. ते जागरण जातीने वाटलेलं होतं. त्यात काही गोड नव्हतं. पण गावाच्या हिशेबात त्याची नोंद होती, त्याला मोल होतं.

दुसरा जागल्या धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या काठी सापडतो, फड पद्धतीत. ही पद्धत काही शतकं जुनी आहे. नदीवर छोटा बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरसाल पीक फिरवायचं. पाणी वाटायचं काम पाटकऱ्याचं. राखणीला जागल्या. त्यांची मजुरी धान्यात, सगळ्यांनी मिळून द्यायची. पाटाला पाणी दिवसरात्र वाहतं, नदीला काही रात्रपाळी नसते. म्हणजे रात्रीचं पाणी तेव्हाही होतंच. पण ज्याच्या शेतात पाणी जातंय तो घरी झोपलेला असायचा, कारण पाण्याबरोबर जागायला नेमलेला माणूस वेगळा होता. शंभर खातेदारांमागे चार-दोन माणसं जागत. हा हिशेब डोक्यात ठेवा.

मग रेल्वे आली. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वेची लाइन भुसावळला पोचली आणि एका खेड्याचं जंक्शन झालं. एक फाटा जबलपूरच्या दिशेने, एक नागपूरकडे. जंक्शनला रात्र नसते. खान्देशात घड्याळाने माणसाला उठवण्याची सुरुवात भुसावळला झाली, असं मी म्हणेन. आणि ती अगदी शब्दशः. रेल्वेत 'कॉल बॉय' नावाचा माणूस असायचा. रात्री दोन वाजता कंदील घेऊन रेल्वे कॉलनीत यायचा, ड्रायव्हरचं, फायरमनचं दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा, की तुला अमुक गाडीवर बोलावलंय. दार शेजाऱ्याचं वाजलं तरी चार घरं जागी व्हायची. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप झाला. त्यात पगार-बोनसबरोबर आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. आपण संपाचा इतिहास पगारापुरता वाचतो. लोको रनिंगच्या माणसाला ती मागणी म्हणजे 'मला झोपू द्या' अशी होती.

गिरण्यांबद्दल फार वेळ घेत नाही. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. भोंग्यावर अख्खं गाव चालायचं. विजेचा दिवा आला तशी रात्रपाळी शक्य झाली, पुढे तिसरी पाळी. एक मात्र सांगतो. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांच्या रात्रीच्या कामावर बंधन आणलं होतं. म्हणजे रात्रीचं काम शरीराला वाईट, हे सरकारने तेव्हाच कागदावर मान्य केलं होतं. प्रौढ पुरुषांच्या बाबतीत मात्र नाही. आणि घरातल्या कामाचा त्यात प्रश्नच नव्हता.

घरातल्या कामावरून आठवलं. बहिणाबाई चौधरींचं आसोदं आपल्या जळगावच्या शेजारीच. त्यांचं नाव निघालं की आपण जात्यावरच्या ओवीचं कौतुक करतो. करावंच. पण ओवी पहाटे होती, कारण बाई पहाटे उठलेली होती, आणि ती हौसेने उठलेली नव्हती. घरातली सगळ्यात आधी उठणारी आणि सगळ्यात शेवटी झोपणारी तीच. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा ओवी गेली म्हणून हळहळणारे लेख लिहिले गेले. बायकांना रोज तासभर झोप मिळाली, यावर कोणी लेख लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही! पुढे तो तासही नळाने घेतला. धुळ्यात, अमळनेरात, भुसावळात नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं, आणि ते रात्री-अपरात्री आलं तर भरायला कोण उठतं हे मी सांगायला नको. चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या वयात, बायकांचं बीपी वाढू लागतं. त्या वयात झोपही तुटक होते, अंगातून वाफा येतात. त्यावर नळाची वेळ. दवाखान्यात ती 'झोप लागत नाही' म्हणाली तर तिला टेन्शन घेऊ नका म्हणतात.

आता उन्हाळा. खान्देशच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्यांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. जुनी उत्तरं काय होती? धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचं सपाट धाबं. दिवसा आत गारवा, रात्री धाब्यावर बाज टाकायची, नाहीतर नुसती गोधडी. आकाशाखाली झोपायची ही रीत उष्णतेवरचा उपाय होती, तिची नुसती आठवण काढून उसासे टाकण्यात अर्थ नाही. आज स्लॅब आहे, त्याहून गरीब असेल तर पत्रा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. त्यात पंख्याला लाइट नाही. गच्चीवर जावं तर डास, आणि शहरात शेजारच्या तीन मजली इमारतीचे डोळे.

याचा बीपीशी संबंध आहे, आणि तो जरा उलटा आहे. उन्हाळ्यात दिवसाचा रक्तदाब थोडा कमी भरतो, घामाने पाणी-मीठ जातं, रक्तवाहिन्या सैल होतात. पुष्कळ लोक तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करतात, "बीपी नॉर्मल आलं" म्हणून. पण इटलीच्या फ्लॉरेन्समध्ये चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. तिथे असं दिसलं की गरम दिवसांत, गोळ्या चालू असलेल्या वयस्क लोकांचा दिवसाचा दाब उतरतो, पण रात्रीचा वरचा आकडा वाढतो. फ्लॉरेन्सचा उन्हाळा आपल्या एप्रिलपुढे काहीच नाही. दुपारी दवाखान्यात मोजलेला मे महिन्यातला आकडा किती फसवा असू शकतो, याची कल्पना करा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. हे ऐकून 'पूर्वी लोक कसे शांत आठ तास झोपायचे' अशा निष्कर्षावर उडी मारू नका. २०१५ मध्ये आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या, विजेविना राहणाऱ्या तीन समाजांच्या झोपेची यंत्राने नोंद घेतली गेली. तेही सरासरी सहा-सात तासच झोपत होते. रॉजर एकर्च या इतिहासकाराने युरोपातल्या जुन्या कागदपत्रांतून दाखवलं की तिथे लोक रात्रीची झोप दोन तुकड्यांत घेत, मध्ये उठून कामं करत, गप्पा मारत. तेव्हा तुटक झोप ही आपोआप वाईट नाही. फरक कशात आहे? त्या माणसाला मध्ये उठवणारं कोणी नव्हतं. उद्याही रात्र अशीच असणार हे त्याच्या शरीराला माहीत होतं.

आता मुख्य मुद्दा, वीज. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं. त्याच दशकाच्या अखेरीस भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र सुरू झालं. विहिरीवरची मोट गेली, इंजिन गेलं, मोटार आली. केळी वाढली. रावेर-यावलची केळी दिल्लीपर्यंत जाऊ लागली. केळीला पाणी चुकवून चालत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. मोटारीने शेतकऱ्याला पाटकऱ्यापासून, पंचांपासून मोकळं केलं, स्वतःचं पाणी स्वतःच्या हातात. हे स्वातंत्र्य मोठं होतं, मी ते कमी लेखत नाही.

पण वीज कमी पडू लागली. शहरांना, कारखान्यांना दिवसा हवी. मग उरलेली, म्हणजे रात्रीची, शेतीला. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, आणि त्याच्या आसपासच्या वर्षांत भारनियमन शिगेला पोचलं. कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळू लागली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. कागदावर हे न्याय्य आहे, सगळ्यांना पाळीपाळीने. शरीराच्या बाजूने बघा. एक आठवडा रात्री बाराला उठायचं, पुढच्या आठवड्यात नाही, परत उठायचं. कारखान्यात याला फिरती पाळी म्हणतात. त्याचे नियम असतात, भत्ता असतो, साप्ताहिक सुट्टी असते, वैद्यकीय तपासणी असते. शेतकऱ्याच्या फिरत्या पाळीला यातलं काहीच नाही. आणि फडातली ती चार-दोन माणसं आठवतात? आता प्रत्येक खातेदार स्वतःच्या शेताचा जागल्या आहे. शंभरातले शंभर जागे. ज्याला परवडतं तो सालदाराला पाठवतो, म्हणजे जुनी वाटणी नव्या रूपात चालूच.

शिवाय लाइट वेळेवर येईल याची खात्री नाही. माणूस अकराला आडवा होतो, कान स्टार्टरकडे. बाराला आली, साडेबाराला ट्रिप झाली, फ्यूज गेला, डीपीवर कोण जाणार? अंधारात साप, यावल-चोपड्याकडे बिबट्याची भीती, ओल्या हाताने पेटी उघडायची. शेतकऱ्यांच्या निवेदनांत दिवसा विजेची मागणी करताना साप, बिबट्या आणि शॉक ही तीन कारणं नेहमी असतात. ती खरीच आहेत. रक्तदाब मात्र मी त्या यादीत कधी पाहिला नाही. सर्पदंशाची बातमी होते, पंधरा वर्षं झोपमोड होऊन आलेल्या पक्षाघाताची होत नाही. "काल रात्री पाणी भरून आला आणि सकाळी हात उचलला जाईना," एवढंच घरचे सांगतात.

तुम्ही म्हणाल, ऑटो स्विच बसवा, मोबाइल स्टार्टर आहे, ड्रिप तर जळगावचीच देन आहे. बरोबर. ड्रिपने दारं धरण्याचं काम वाचलं, जागरण हलकं झालं. पण ऑटो स्विचचा घोळ असा की लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि रोहित्र जळतं. म्हणून महावितरणच ते काढा म्हणतं. आणि रोहित्र जळलं की मग आठ-दहा दिवस कोणालाच झोप नाही, पीक जाईल या काळजीने.

मध्यरात्री दचकून उठण्यात शरीरात काय होतं? धोक्याची यंत्रणा चालू होते, नाडी वाढते, दाब वर जातो. एखाद्या रात्री झालं तर निभतं. अमेरिकेत २००६ साली एका मोठ्या पाहणीतून असं मांडलं गेलं की ३२ ते ५९ वयात पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याची शक्यता बरीच जास्त असते. आपला जो शेतकरी, तो याच वयाचा.

घोरण्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे घोरणारा माणूस सुखी समजतात, "काय ढाराढूर झोपलाय." पण मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, गुदमरून परत सुरू होणं, याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. त्याने पुढे रक्तदाब वाढतो हे २००० साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधल्या पाहणीने दाखवलं. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हलत नसेल तर हे तपासावं, असं डॉक्टर सांगतात. आणि याचं निदान आधी बायको करते, यंत्र नंतर.

आता अभ्यासकांबद्दल एक तक्रार. झोपेची प्रत मोजायची जगप्रसिद्ध प्रश्नावली पिट्सबर्गची आहे, १९८९ सालची. सात घटक, एकूण गुण पाचाच्या वर गेले तर झोप खराब. चांगलं साधन आहे, आपल्याकडेही रुग्णांना ते प्रश्न विचारले जातात. पण पहिलाच प्रश्न असतो की गेल्या महिन्यात साधारणपणे किती वाजता झोपलात. रावेरचा माणूस काय सांगेल? कोणत्या आठवड्यात, साहेब? 'साधारण रात्र' ही कल्पनाच ज्याची नोकरी दहा ते पाच आहे त्याची आहे. सरासरी काढली तर दोन वेगवेगळ्या रात्री मिळून एक बरी रात्र तयार होते, जी प्रत्यक्षात कोणीच झोपलेलं नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की खान्देशात बीपीच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी: शेताची लाइट या आठवड्यात कधी आहे? शाई लागणार नाही फारशी.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: मग बीपीची गोळी रात्री घेतली तर रात्रीचा दाब उतरेल का?

उत्तर: मी इतिहासाचा माणूस, गोळीची वेळ तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. यावर मोठा वाद झाला होता एवढं सांगू शकतो. स्पेनमधून रात्रीच्या गोळीच्या बाजूने फार मोठे दावे आले. मग ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला: सकाळी घ्या की संध्याकाळी, फरक नाही. नियमित घ्या, हे महत्त्वाचं. आणि लघवीची गोळी रात्री घेतलीत तर जी काही झोप आहे तीही जाईल.

प्रश्न: झोपेची गोळी?

उत्तर: सर्पगंधेची गोष्ट सांगितली ती याचसाठी. झोपवणं आणि विश्रांती देणं या निराळ्या गोष्टी आहेत. आणि रात्री बाराला डीपीवर जायचं असेल तर झोपेची गोळी घेतलेला माणूस तिथे पाठवू नका.

प्रश्न: सौर पंप, दिवसा वीज, याने खान्देशातलं बीपी कमी होईल का?

उत्तर: हे मोजता येण्यासारखं आहे, म्हणून मला हा प्रश्न आवडला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. यात एकेक फीडर दिवसा चालू लागतो, सगळे एकदम नाही. म्हणजे काही काळ असा असेल की शेजारशेजारची दोन गावं, तीच केळी, तोच उन्हाळा, तीच शेवभाजी, फक्त एकाची मोटार दिवसा चालते आणि दुसऱ्याची रात्री. अभ्यासकाला याहून चांगली संधी मिळत नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. चोवीस तासांची यंत्रं बांधावीत दोन्ही गावांतल्या माणसांना आणि बायकांना, वर्षभर, मे महिना धरून. ओहासामाने सुरुवात केली तेव्हा तेही एक शेतकरी गावच होतं. फीडर बदलून झाल्यावर मात्र हे करता येणार नाही, कारण तुलनेला रात्रीचं गाव उरलेलं नसेल.